रोज बायबल वाचतो तरी स्वभाव तसाच, असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा होता: "तीन वर्षं झाली, रोज सकाळी बायबल वाचतो. अ‍ॅपवरचा एका वर्षाचा प्लॅन दोनदा पूर्ण केला. पण घरच्यांना विचाराल तर मी तसाच चिडका आणि तसाच मनात धरून बसणारा. आत्मपरीक्षण करायला बसलो की नुसतं अपराधी वाटतं, अर्ध्या तासाने तेही जातं. वाचून माणूस खरंच बदलतो का, की माझंच काही चुकतंय?"

आधी सांगून टाकतो, मी पाळक नाही की थिऑलॉजी शिकलेला नाही. बावीस वर्षं बायबल स्टडीचे छोटे छोटे ग्रुप घेतोय, सहा-सात माणसं, खुर्च्या गोल मांडून, आणि हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता कोणी "एक विचारू का" म्हणून घसा खाकरला की मला कळतं काय येणार आहे ते. त्याआधी बरीच वर्षं तो माझा स्वतःचा होता.

तुमचं वाचन कमी पडत नाहीये, जास्त होतंय. छासष्ट पुस्तकांचं बायबल धरलं तर अध्याय होतात ११८९, भागिले ३६५, म्हणजे रोज सव्वातीन अध्याय. एवढ्या स्पीडने माणूस वाचत नाही, पुढे सरकतो. वर्षाचा प्लॅन वाईट नाही हं, काय कुठे आहे ते कळायला तो एकदा तरी करावाच, नाहीतर लोक आयुष्यभर त्याच त्याच वीस वचनांवर फिरत राहतात. पण त्या वाचनाने खोड जाईल अशी अपेक्षा ठेवलीत तर पालथ्या घड्यावर पाणी. आणि ती हिरवी टिक मार्क मिळाली ना की आतून असं वाटतं की झालं, आजचं काम झालं, आणि नेमकं तिथेच काम सुरू व्हायला हवं होतं. याकोबाच्या पत्रात पहिल्या अध्यायात तो आरशाचा दाखला आहे बघा, माणूस आरशात तोंड बघतो, निघून जातो आणि आपण कसे होतो ते लगेच विसरतो. त्या काळचे आरसे म्हणजे घासून चकचकीत केलेलं काशासारखं धातूचं पान, त्यात नीट दिसायला वाकून, जरा वेळ थांबून बघावं लागायचं. याकोब पुढच्याच वाक्यात जो "निरखून पाहतो" असं म्हणतो त्यासाठीचा मूळ ग्रीक शब्द खरंच वाकून बघण्याचाच आहे. आपण जाता जाता केस ठीक करतो तसं बघतो.

पण स्पीड ही छोटी गोष्ट झाली. खरी अडचण वेगळी आहे आणि ती मला बऱ्याच उशिरा कळली. वाचताना आपण आरशात दुसऱ्याचं तोंड बघतो. प्रामाणिकपणे सांगा, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं ते कुसळ-मुसळ वाचताना पहिल्यांदा कोणाचा चेहरा डोळ्यासमोर येतो? आपल्या भाषेत ती म्हणच होऊन बसलीय आणि आपण ती कायम दुसऱ्यालाच ऐकवतो, म्हणजे मुसळाच्या गोष्टीचंच मुसळ करून समोरच्याच्या डोळ्यात घालतो. मी ग्रुपमध्ये कितीदा पाहिलंय, एखादं वचन वाचून झालं की कोणीतरी लांब श्वास सोडून म्हणतं "हे ना, आमच्या साहेबांनी ऐकायला पाहिजे होतं".

बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाचा बारावा अध्याय काढा. दावीद राजाने बथशेबाला आणवून घेतलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे ठेवून मारवलं, तिच्याशी लग्न केलं, आणि मूल जन्मल्यावर नाथान संदेष्टा आला. म्हणजे निदान नऊ महिने दावीद आरामात जगत होता. शास्त्र माहीत नव्हतं का त्याला? अनुवाद नावाच्या पुस्तकात, १७ व्या अध्यायात तर राजाने नियमशास्त्राची स्वतःची प्रत करून ती जन्मभर वाचावी असा नियमच आहे. वाचनाचा प्रॉब्लेम नव्हताच. नाथान येऊन थेट आरोप करत नाही, गोष्ट सांगतो, एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं, गरिबाकडे एकच कोकरी, मुलीसारखी वाढवलेली, त्याच्या ताटातलं खाणारी, आणि पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने ती उचलून नेली. दावीद भडकतो, असा माणूस मरायच्या लायकीचा आहे, त्याने चौपट भरून दिलं पाहिजे! हे चौपट त्याने मनाचं सांगितलेलं नाही, निर्गम २२ मध्ये चोरलेल्या मेंढरासाठी चार मेंढरं द्यायची असंच आहे. बघा म्हणजे, नियम तोंडपाठ, कलम बरोबर, न्यायबुद्धी शाबूत, राग सुद्धा योग्य. फक्त आरोपी कोण हे कळलेलं नाही. आणि मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच.

आता लूक १९ मधला जक्कय. मुख्य जकातदार, पैसेवाला, बुटका म्हणून झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी जातो आणि हा उभा राहून म्हणतो, प्रभू, अर्धं धन गरिबांना देतो, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. परत चौपट! स्वतःहून कबूल केलेल्या फसवणुकीला लेवीय ६ प्रमाणे मुद्दल अधिक एक पंचमांश एवढंच भरायचं होतं, म्हणजे नियमाने तो वीस टक्क्यांत सुटत होता. चौपट हा पकडल्या गेलेल्या मेंढीचोराचा हिशोब, तो त्याने स्वतःला लावून घेतला. दावीदाने जो दंड दुसऱ्याला ठोठावला तोच दंड जक्कय स्वतःला ठोठावतो, आणि हे करताना त्याच्यासमोर कोणी नाथान बोट रोखून उभा नाहीये, उलट घरी आनंदाने स्वागत केलेला पाहुणा आहे. माझ्या मते वाचून बदलणं म्हणजे हा एवढाच प्रवास आहे, दावीदाच्या चौपटपासून जक्कयच्या चौपटपर्यंत. बाकी सगळं त्याच्या खालच्या तपशिलात येतं.

जक्कयचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगतो. अध्यायांचे आकडे मूळ लेखनात नव्हते, ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आले, आणि नव्या कराराचे, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचे, आजचे वचन-क्रमांक तर १५५१ साली रोबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकाने छापले. म्हणजे आपण जिथे "आजचं संपलं" म्हणून पुस्तक मिटतो ती जागा लूकने ठरवलेली नाही. १८ व्या अध्यायात परूशी (नियम कडक पाळणाऱ्या धार्मिक पंथातला माणूस) आणि जकातदाराचा दाखला आहे, परूशी प्रार्थनेत देवाचे आभार मानतो की मी या जकातदारासारखा नाही, मग तो श्रीमंत अधिकारी येतो जो सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळतोय पण सगळं विकून दे म्हटल्यावर खिन्न होतो, मग ते उंट आणि सुईचं नाक, म्हणजे श्रीमंत देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नाकातून जाणं सोपं, मग "तर मग कोणाचं तारण होणार?" असा प्रश्न. अजून थोडं पुढे गेलं की अध्याय संपला, टिक मार्क. आणि उत्तर पुढच्या अध्यायात झाडावर बसलंय! एक न सांगता अर्धं देतो, दुसऱ्याला सांगून पण जमत नाही. आणि एक जकातदार मंदिरात छाती बडवून घेणारा, दुसरा घरी उभा राहून पैसे मोजणारा. हे सगळं सलग वाचलं तरच दिसतं, अध्याय मोजून वाचलं तर प्रत्येक गोष्ट सुटी सुटी "छान बोधकथा" होऊन जाते.

आता माझं. माझं आणि धाकट्या भावाचं पैशावरून बिनसलं होतं. वडिलांकडून घेतलेले पैसे त्याने परत केले नाहीत, वडील गेल्यावर देणी मी भागवली, रीतसर भांडण पण नाही झालं, नुसतं बोलणं बंद. आठ महिने. त्याच काळात ग्रुपला लूक १५ शिकवायचं होतं, उधळ्या पुत्राची गोष्ट, धाकटा मुलगा आपला वाटा उधळून परत येतो, बाप मेजवानी देतो आणि मोठा मुलगा रागावतो, मी ती आधी चारेक वेळा शिकवलेली, दर वेळी धाकट्याच्या बाजूने, किती दूर गेला तरी बाप वाट बघतो वगैरे. रात्री तयारी करत बसलो होतो आणि एक बारीक गोष्ट लक्षात आली म्हणून खूश झालो. मोठा मुलगा बापाला भावाबद्दल बोलताना "हा तुमचा मुलगा" म्हणतो, माझा भाऊ म्हणतच नाही. नोकर सुद्धा त्याला सांगताना "तुमचा भाऊ आलाय" म्हणतो, बाप शेवटी "हा तुझा भाऊ" म्हणतो, फक्त याच्याच तोंडात तो शब्द येत नाही. भारी पॉइंट आहे, उद्या सांगू, म्हणून वहीत लिहायला घेतलं, "मोठा भाऊ नातं तोडून बोलतो, नाव सुद्धा", आणि पेन तिथेच थांबलं. कारण त्याच संध्याकाळी फोनवर मी आईला विचारलं होतं, "तुझा लाडका काय म्हणतोय?" आठ महिन्यांत मी त्याचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. एकदाही नाही. आईशी बोलताना तुझा लाडका, बायकोशी बोलताना ते महाशय.

खरं सांगू, तेव्हा फार पवित्र वगैरे वाटलं नाही. राग आला. म्हणजे देणी मी भागवायची आणि गोष्टीत पण चूक माझीच? दिवा बंद करून झोपलो. पण एकदा दिसलेलं परत न दिसल्यासारखं करता येत नाही, आणि हा दाखला ज्यांना सांगितलाय ती माणसं पण अध्यायाच्या सुरुवातीलाच आहेत, कुरकुर करणारे परूशी आणि शास्त्री, म्हणजे मोठा भाऊ हे गोष्टीतलं साइड कॅरेक्टर नाहीच, तो ऐकणारा आहे. दुसऱ्या दिवशी मी फोन केला. चार मिनिटं बोललो, त्यातली दोन आईच्या चष्म्याबद्दल. त्याने पैशाचा विषय काढला नाही, मी पण नाही. पुढच्या वेळी त्याने फोन उचललाच नाही. पैसे आजपर्यंत आलेले नाहीत. पण घरात बोलताना मी त्याचं नाव घेतो, आणि हे वाचायला क्षुल्लक वाटेल, पण ते पहिल्यांदा घेताना जीभ अक्षरशः जड झाली होती.

म्हणून तुम्हाला सांगतो, वाचताना एकच प्रश्न ठेवा, "यात मी कोण आहे?" आणि पहिलं जे उत्तर येईल त्यावर विश्वास ठेवू नका, कारण आपण स्वतःला आपोआप चांगली भूमिका देतो. परूशी आणि जकातदाराचा दाखला वाचून "देवा, बरं झालं मी त्या परूश्यासारखा नाही" असं वाटलं की झालं, आपण परूशी. ज्या पात्राचा आपल्याला वैताग येतो, तिथे जरा जास्त थांबा. चोराच्या मनात चांदणं असतं तसं वाचणाऱ्याच्या मनात पण असतं, उगाच नाही एखादं वाक्य वाचताना नजर भरभर पुढे पळते.

वाचायचं कसं तर थोडं आणि मोठ्याने. पहिल्या स्तोत्रात नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करणारा म्हटलंय ना, तिथला हिब्रू शब्द "हागा" म्हणजे डोळे मिटून शांत बसणं नव्हे, पुटपुटणं, तोंडातल्या तोंडात घोळवणं. हाच शब्द यशया ३१ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आलाय. मला हे फार आवडतं, हाडूक सोडत नाही आणि गुरगुरतो. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये रथात बसलेला कूश देशाचा अधिकारी यशयाचं पुस्तक वाचत असतो आणि येशूबद्दल सांगत फिरणाऱ्या फिलिप्पाला धावता धावता ते ऐकू येतं, म्हणजे तो स्वतःपुरतं वाचत असूनही मोठ्याने वाचत होता. मोठ्याने वाचलं की वगळता येत नाही, एवढा साधा फायदा आहे. दहा-बारा वचनं, दोनदा. जिथे टोचेल तिथे थांबा आणि पुढचं वाचूच नका, प्लॅन गेला खड्ड्यात. मग वहीत एक ओळ, वचन नाही लिहायचं, आपल्याबद्दलची ओळ. आणि त्याखाली आज काय करणार ते, पण त्यात माणसाचं नाव आणि वेळ पाहिजे. "सर्वांशी प्रेमाने वागेन" हे वाक्य मी लोकांच्या वहीत शेकडो वेळा बघितलंय, त्याने काही होत नाही. "सहा वाजता मुलीला सांगायचं की काल मी विनाकारण ओरडलो" याने होतं. जक्कयने पण "यापुढे चांगला वागेन" म्हटलं नाही, आकडा सांगितला.

आता अपराधी वाटण्याचं. आपण "पश्चात्ताप" म्हणतो आणि त्या शब्दातच ताप आहे, मागाहून होणारी जळजळ, म्हणून आपल्याला वाटतं जेवढं जास्त वाईट वाटेल तेवढा पश्चात्ताप खरा. नव्या करारात त्यासाठी नेहमी येणारा ग्रीक शब्द "मेटानोइया" आहे, त्यात मन वळण्यावर जोर आहे. आणि पैसे घेऊन येशूला पकडून देणारा त्याचा शिष्य यहूदा, त्याला वाईट वाटलं ते मत्तयने सांगितलंय, सत्तावीसाव्या अध्यायात, पण तिथे हा शब्द नाही, नुसती हळहळ सांगणारा दुसरा शब्द आहे. यहूदाने कबुली पण दिली, पैसे पण परत केले, सगळं बरोबर, पण तो गेला याजकांकडे, आणि ते म्हणाले आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. येशूचा दुसरा शिष्य पेत्र पण तितकाच वाईट पडला होता. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला पकडल्यावर तो कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा राहून "मी त्याचा शिष्य नाही" या अर्थाचं बोलतो, तीनदा त्याला विचारतात, तीनदा नकार. आणि एकविसाव्या अध्यायात सरोवराच्या काठावर परत कोळशाचा विस्तव, आख्ख्या नव्या करारात तो ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी आलाय, आणि येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तोच वास, तोच आकडा, पण आधी नाश्ता दिलाय, आणि दर उत्तरानंतर काम, माझी मेंढरं पाळ. जखमेवर बोट ठेवलंय पण रडत बसायला नाही ठेवलेलं. तुमचं अपराधीपण अर्ध्या तासात उडून जातं कारण त्याला काही काम मिळत नाही.

आणि शोधायचं काम सगळं आपलंच आहे असं पण नाही. स्तोत्र १३९ चा शेवट सगळ्यांना पाठ असतो, "हे देवा, माझी झडती घे", पण त्याच्या लगेच आधीची वचनं लोक गाळतात, तिथे तो म्हणतो, तुझ्या द्वेष्ट्यांचा मी अगदी मनापासून द्वेष करतो, ते माझे वैरी आहेत. आणि दुसऱ्या श्वासाला, माझं मन बघ, माझ्यात काही वाईट आहे का ते बघ. ज्याला आपला द्वेष अगदी बरोबर वाटतोय तोच स्वतःला तपासायला देतोय. उलट बाजूने प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात म्हणतो की मी स्वतःचा न्यायनिवाडा सुद्धा करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. ज्यांना सतत स्वतःला खोदत बसायची सवय असते, प्रत्येक विचारात पाप दिसतं, झोप उडते, त्यांना मी वही बंद करायला सांगतो आणि महिनाभर फक्त हे वचन आणि थोडी स्तोत्रं. आणि तरीही जड वाटत राहिलं तर डॉक्टरांकडे, त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं.

अजून एक, हे मी दर ग्रुपमध्ये सांगतो. घरात मार खाणाऱ्या, छळ सोसणाऱ्या माणसाला "आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ बघ" हे सांगायचं नाही. नाथान राजाकडे गेला होता, कोकरी गेलेल्या गरिबाकडे आत्मपरीक्षण करायला लावायला नव्हता गेला.

नाथानवरून आठवलं, एकट्याने हे फार पुढे जात नाही. आपल्याला आपली पाठ दिसत नाही. एक माणूस पाहिजे, सल्ला देणारा नको, आठवड्यातून एकदा फक्त विचारणारा, "ते सहा वाजताचं केलंस का?" माझा असा एक मित्र आहे, त्याला बायबलमधलं माझ्यापेक्षा कमी माहीत आहे आणि त्याचा मला काडीचाही उपयोग होणार नाही असं आधी वाटलं होतं. पण तो विसरत नाही, हीच त्याची देणगी. घरच्यांना मात्र "मी बदललोय का" विचारत बसू नका, त्यांना कळेल तेव्हा ते सांगणार नाहीत, फक्त तुमच्यासमोर जरा मोकळं बोलायला लागतील, आणि त्याला महिने लागतात. बऱ्याचदा वर्ष.

उद्यापासून प्लॅन बंद ठेवा. लूक १८:९ पासून १९:१० पर्यंत, एवढंच, आठवडाभर, रोज थोडं, मोठ्याने. आणि वाचायच्या आधी एक काम. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुम्ही मनात धरून बसता. कोणाबद्दल, ते लिहिलेलं नाही. त्या माणसाचं नाव आधी वहीच्या पहिल्या ओळीवर लिहा, पूर्ण नाव, टोपणनाव किंवा "तो" नाही, आणि मग पुस्तक उघडा.